ठिगळ का बसत नाही: सोर्समधून पॅच करताना अडणाऱ्या बिल्डची गोष्ट

बिल्ड, म्हणजे मूळ कोडपासून चालणारा प्रोग्रॅम बनवण्याचं काम, अडलं की पडद्यावर शेवटी दोनच ओळी उरतात: ‘एरर कोड १’ आणि त्याखाली ‘स्टॉप’. त्याआधी तासभर, मशीन जुनं असेल तर पाच-सहा तास, हजारो ओळी भराभर वर सरकून गेलेल्या असतात आणि त्यातली एकही आपण वाचलेली नसते. मग माणूस तीच कमांड परत चालवतो. परत तेच. मग ती शेवटची ओळ सर्चमध्ये टाकतो आणि जगभरातली मंडळी याच ओळीपाशी अडकली आहेत एवढंच त्याला कळतं. ‘एरर कोड १’ म्हणजे डॉक्टरसमोर बसून नुसतं ‘बरं वाटत नाही’ म्हणणं. कुठे दुखतंय ते त्यात नसतं.

मोबाइलला अपडेट येतं तेव्हा कंपनीने तयार करून दिलेला माल येतो; आपण फक्त ‘हो’ म्हणायचं. फ्रीबीएसडी, ओपनबीएसडी यांसारख्या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये दुसरी वाटही खुली असते. तिथे सगळा सोर्स कोड, म्हणजे माणसांनी लिहिलेला मूळ मजकूर, तुमच्याच डिस्कवर ठेवता येतो. सुरक्षेत कुठे भोक सापडलं की प्रकल्पाची मंडळी एक छोटी फाइल देतात, कधी पाच ओळींची, कधी पन्नास. ती मूळ मजकुरात मिसळायची, तेवढा भाग पुन्हा कंपाइल करायचा, म्हणजे मशीनला चालवता येईल अशा रूपात आणायचा, आणि इन्स्टॉल करायचा. या फाइलला पॅच म्हणतात. पॅच म्हणजे ठिगळ, आणि नाव अगदी चपखल आहे.

आता दोन्हीकडे तयार अपडेटची सोय आहे. ओपनबीएसडीत ‘सिसपॅच’ ६.१ या आवृत्तीपासून, म्हणजे २०१७ पासून आलं. फ्रीबीएसडीचं ‘फ्रीबीएसडी-अपडेट’ त्याच्याही आधीचं. पण कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, स्वतःच्या गरजेप्रमाणे बदलून घेतला असेल, किंवा मशीन अशा जुन्या प्रोसेसरचं असेल की त्याच्यासाठी तयार माल निघतच नाही, तर सोर्सला पर्याय नसतो. काही जण हौस म्हणूनही करतात. मी त्यातलाच.

बिल्ड अडलं की एक गोष्ट आधी डोक्यात ठेवायची. तुमच्याकडे अडलेला हाच पॅच जाहीर होण्याआधी प्रकल्पाच्या मशीनवर नीट कंपाइल झालेला असतो. तेव्हा कोडवर संशय सगळ्यात शेवटी. आधी विचारायचं: त्यांच्या मशीनवर आणि माझ्या मशीनवर फरक काय?

ठिगळ बसतच नाही

पॅच लावणाऱ्या प्रोग्रॅमचं नावही पॅचच. लॅरी वॉल यांनी तो १९८५ मध्ये लिहिला; पुढे पर्ल भाषा काढली ते हेच. या प्रोग्रॅमला सी भाषा कळत नाही, ऑपरेटिंग सिस्टिम कळत नाही. त्याला फक्त ओळी जुळवता येतात. कोड बाजूला ठेवून सोसायटीच्या नोटिशीवर बघू:

 पाणी सकाळी येईल.
-वेळ ६ ते ७.
+वेळ ६ ते ८.
 टाकी भरून ठेवा.

वजा चिन्हाची ओळ काढायची, अधिक चिन्हाची घालायची. वरची आणि खालची, चिन्ह नसलेली ओळ म्हणजे शेजारी. खऱ्या पॅचमध्ये वर तीन आणि खाली तीन असे शेजारी असतात. पॅच प्रोग्रॅम शेजाऱ्यांवरून घर ओळखतो. अशा एका तुकड्याला ‘हंक’ म्हणतात.

समजा तुमच्या नोटिशीत वरती दोन ओळी जास्त आहेत. पॅच जरा खाली-वर शोधतो, घर सापडतं, आणि तो सांगतो ‘ऑफसेट २ लाइन्स’. यात घाबरण्यासारखं काही नाही. पण तुमच्याकडे कोणी ‘टाकी भरून ठेवा’च्या जागी ‘टाकी आणि पिंप भरून ठेवा’ केलेलं असेल, तर शेजारी पुरते जुळत नाहीत. पॅच तरीही पुढे रेटतो आणि ‘फझ’ असा शब्द छापतो. फझ म्हणजे ‘चेहरा थोडा वेगळा वाटला, पण तोच असावा’. इथे मी थांबतो आणि ती जागा फाइल उघडून डोळ्यांनी बघतो. ऑपरेटिंग सिस्टिमच्या कोडमध्ये एकासारखी एक दिसणारी चार-चार फंक्शनं एकाखाली एक असतात, आणि सुरक्षेची तपासणी चुकीच्या फंक्शनात जाऊन बसली तरी कंपायलर एका शब्दाने तक्रार करत नाही.

‘हंक २ फेल्ड’ आलं तर घर सापडलंच नाही. न बसलेला तुकडा पॅच एका वेगळ्या फाइलमध्ये ठेवतो, तिच्या नावाच्या शेवटी ‘रेज’ असतं. लक्षात घ्या, पहिला आणि तिसरा हंक बसलेले असू शकतात. म्हणजे फाइल अर्धवट शिवलेली आहे. अशा अवस्थेत ‘बघू तर खरं’ म्हणून बिल्ड चालवणं हा वेळ घालवण्याचा हमखास मार्ग.

कधी प्रश्न येतो: ‘रिव्हर्स्ड ऑर प्रीव्हियसली अप्लाइड पॅच डिटेक्टेड’, आणि पुढे विचारलं जातं की उलटा लावू का? अर्थ असा की हे ठिगळ आधीच लावलेलं दिसतंय. आपल्याला सवय प्रत्येक प्रश्नाला ‘वाय’ दाबायची. इथे ‘वाय’ दाबलं की लावलेलं ठिगळ उसवलं जातं. ‘एन’ दाबा.

‘फाइल टु पॅच’ असा प्रश्न आला तर बहुतेक वेळा तुम्ही चुकीच्या फोल्डरमध्ये उभे असता. किंवा ‘पी’ या पर्यायाचा आकडा चुकलेला असतो. पॅचमध्ये फाइलचा पत्ता लिहिलेला असतो. त्यातली सुरुवातीची किती फोल्डर-नावं गाळायची ते हा आकडा सांगतो. गिटमधून, म्हणजे कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या प्रोग्रॅममधून, निघालेल्या पॅचमध्ये पत्त्याच्या पुढे ‘ए’ आणि ‘बी’ अशी दोन खोटी फोल्डरं चिकटवलेली असतात, म्हणून तिथे पी-एक. ओपनबीएसडीच्या पॅचमध्ये पी-शून्य. ही सूचना त्यांच्या पॅचमध्येच सगळ्यात वर लिहिलेली असते. लोक ती वाचत नाहीत, कारण ‘पॅच म्हणजे मशीनने वाचायची फाइल’ असा समज.

आणि कॉपी-पेस्ट. ब्राउझरमधून पॅचचा मजकूर उचलून चिकटवला की टॅबच्या स्पेस होतात. दिसायला सगळं तसंच. पण पॅचसाठी टॅब वेगळा आणि आठ स्पेस वेगळ्या. एकही शेजारी जुळत नाही, नाहीतर ‘मालफॉर्म्ड पॅच’ असा शेरा मिळतो. फाइल आहे तशी उतरवून घ्यायची आणि तिची डिजिटल सही तपासायची. ओपनबीएसडीत त्यासाठी ‘सिग्निफाय’ आहे, २०१४ च्या ५.५ पासून, फ्रीबीएसडीत पीजीपी. रूटच्या, म्हणजे सिस्टिमच्या सर्वाधिकारी खात्याच्या, अधिकाराने बसवायचा कोड कोणाच्या हातून आला ते बघण्यात दोन मिनिटं जातात.

हे सगळं नीट करूनही हंक एकामागून एक पडत असतील, तर सोर्सची आवृत्ती बघा. चालू सिस्टिम एका आवृत्तीची आणि डिस्कवरचा सोर्स भलत्याच, असं फार वेळा होतं. सोर्समध्ये ‘सिस’च्या आत ‘कॉन्फ’, त्यात ‘न्यूव्हर्स’ नावाची स्क्रिप्ट असते. आवृत्तीचा आकडा तिथे लिहिलेला असतो. चालू सिस्टिमचा आकडा ‘यूनेम’ सांगतं. दोन्ही जुळवा. शिवाय पॅचना क्रमांक असतात ते उगाच नाहीत. सातवा पॅच हा तिसरा लावलेला आहे असं धरून लिहिलेला असू शकतो. मधला गाळला की सातव्याचे शेजारी हरवतात.

पहिली चूक शोधा

ठिगळ बसलं, आता कंपाइल. इथे चूक आली तर शेवटची ओळ सोडून द्या आणि वर जा. पहिली चूक महत्त्वाची. शर्टाचं पहिलं बटण चुकीच्या काजात गेलं की खालची सगळी चुकतात; प्रत्येक बटणाशी वेगळं भांडायचं नसतं. एक हेडर फाइल सापडली नाही तर तिच्यात सांगितलेली सगळी नावं कंपायलरला परकी होतात, आणि तो चाळीस एरर ओततो. त्यातल्या एकोणचाळीस निव्वळ पडसाद.

वर जायचं तर मजकूर साठवलेला हवा. टर्मिनलच्या स्क्रोलमध्ये तो मावत नाही. बिल्डच्या आधी ‘स्क्रिप्ट’ ही कमांड चालवा. ती पडद्यावरचा सगळा मजकूर फाइलमध्ये उतरवते. मग त्या फाइलमध्ये ‘एरर’ शब्द आणि त्यापुढे विसर्गासारखं विरामचिन्ह असलेली पहिली ओळ शोधायची.

यातही एक गोम आहे. बिल्ड लवकर व्हावं म्हणून आपण ‘जे आठ’ वगैरे देतो, म्हणजे एकाच वेळी आठ कामं. एक काम पडलं तरी उरलेली सात आपापलं बोलून घेतात, त्यामुळे खरी चूक बरीच वर राहते आणि तळाशी येतं: ‘अ फेल्युअर हॅज बीन डिटेक्टेड इन अनदर ब्रँच ऑफ द पॅरलल मेक’. म्हणजे ‘शेजारच्या खोलीत काहीतरी फुटलं’. अशा वेळी तेच बिल्ड ‘जे एक’ देऊन पुन्हा चालवा. वेळ लागतो, पण जिथे फुटलं तिथेच थांबतं.

सापडलेली ओळ कशी वाचायची? आधी फाइलचा पत्ता, मग ओळ क्रमांक, मग त्या ओळीतलं कितवं अक्षर, मग ‘एरर’, मग तक्रार. पत्ता आधी बघा. जी फाइल पॅचने बदलली तीच आहे का? तीच असेल तर हंक अर्धवट बसला असण्याची शक्यता मोठी. भलतीच फाइल असेल तर पॅच निर्दोष आहे. तुमच्या सोर्समध्ये किंवा मशीनमध्ये आधीपासूनच काहीतरी होतं, ते आज उघड झालं. हे ठरवायची सोपी युक्ती: पॅच लावण्याआधी एकदा कोरा सोर्स बिल्ड करून बघा. तोही अडला तर पॅचला दोष देऊ नका.

तक्रार ‘अनडिक्लेअर्ड’ किंवा ‘फाइल नॉट फाउंड’ अशी असेल तर ‘मेक इन्क्लूड्स’, म्हणजे हेडर फाइली सिस्टिमच्या फोल्डरात नेऊन ठेवण्याची, ही पायरी राहिली का ते बघा. पॅचने हेडर बदललेलं असतं सोर्समध्ये, पण कंपायलर बघतो सिस्टिमच्या ‘इन्क्लूड’ फोल्डरात, आणि तिथे अजून जुनीच प्रत असते. तक्रार ‘अनडिफाइन्ड सिंबॉल’ अशी असेल तर ती कंपायलरची नव्हे, लिंकरची: सगळे सुटे भाग झाले, पण जोडताना एक सापडत नाही. बहुतेक वेळा एखादी लायब्ररी, म्हणजे अनेक प्रोग्रॅम वापरतात तो सामायिक कोड, जुनीच राहिलेली असते.

मेक आणि घड्याळ

बिल्डमध्ये काय काय पुन्हा कंपाइल करायचं ते ठरवणारा मेक हा प्रोग्रॅम स्टुअर्ट फेल्डमन यांनी बेल लॅब्जमध्ये १९७६ मध्ये लिहिला. त्यांच्या एका सहकाऱ्याची सकाळच्या सकाळ वाया गेली होती: प्रोग्रॅममधली चूक त्याने दुरुस्त केली होती, पण ती फाइल पुन्हा कंपाइलच झाली नव्हती, आणि तो बरोबर असलेल्या कोडमध्ये चूक शोधत बसला. त्यावर उपाय म्हणून मेक आलं. त्याचा नियम साधा आहे. सोर्स फाइलची वेळ तिच्यापासून बनलेल्या ‘डॉट ओ’ फाइलच्या वेळेनंतरची असेल तर पुन्हा बनव, नाहीतर हात लावू नको. म्हणजे मेकचा सगळा विश्वास घड्याळावर.

माझ्याकडे एक जुना डेस्कटॉप आहे, फ्रीबीएसडीवर चालणारा. एकदा तो टेबलावर घेऊन, नेटला न जोडता, पेन ड्राइव्हवरून पॅच आणून लावला. सगळे हंक बसले. मेक चालवलं, तर काही सेकंदांत कामच नाही म्हणून मोकळं. मी खूष: काय वेगवान मशीन! इन्स्टॉलही झालं. रात्री सहज फाइलींची यादी बघितली तर नुकत्याच पॅच केलेल्या फाइलची तारीख कित्येक वर्षं मागची. मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल संपला होता. घड्याळ मागे गेलेलं, त्या घड्याळाने पॅच केलेल्या फाइलवर जुनी तारीख मारली, आणि आधीच्या बिल्डच्या ‘डॉट ओ’ फाइली तिच्यापेक्षा ‘नव्या’ ठरल्या. मेकने नियम पाळला. जो घोटाळा टाळायला मेक जन्माला आलं, तोच मी त्याच्याच हातून करवून घेतला.

नवा सेल किरकोळ पैशांत येतो. तोपर्यंत तारीख हाताने लावा आणि ‘ऑब्ज’ फोल्डरातला, म्हणजे बिल्डचे तयार तुकडे साठतात तिथला, जुना माल पुसून बिल्ड कोऱ्यापासून करा. एकूणच, कारण कळत नसेल तेव्हा ‘ऑब्ज’ रिकामं करणं हा माझा पहिला उपाय असतो. मागच्या आवृत्तीचे उरलेसुरले तुकडे नव्यात मिसळले की अशा चुका निघतात, ज्या दुसऱ्या कोणाच्याच मशीनवर दिसत नाहीत.

मशीनच दमलं

‘किल्ड’ हा शब्द दिसला की कोड वाचायची गरज नाही. मेमरी संपली आणि कर्नलने कंपायलरला मारलं. सी-प्लस-प्लसच्या मोठ्या फाइली, विशेषतः कंपायलर स्वतःला बिल्ड करतो तेव्हा, मेमरी भरपूर खातात. ‘जे’चा आकडा कमी करा किंवा स्वॅप, म्हणजे मेमरी कमी पडल्यावर वापरायची डिस्कवरची जागा, वाढवा. ‘नो स्पेस लेफ्ट’ तर स्वतःच सांगतं. मात्र ‘ऑब्ज’ आणि सोर्स वेगळ्या पार्टिशनवर असतील तर भरलंय कुठलं ते बघा.

‘सिग्नल ११’ने, म्हणजे मेमरीतल्या भलत्याच जागी हात घातल्यामुळे, कंपायलर पडत असेल, तर बिल्ड तीनदा चालवा. तिन्ही वेळा एकाच फाइलवर पडला तर कारण सॉफ्टवेअरमध्ये असण्याची शक्यता जास्त. दर वेळी वेगळ्या फाइलवर पडला तर रॅमवर संशय घ्या आणि रात्रभर मेमटेस्ट हा रॅम तपासणारा प्रोग्रॅम लावा. मोठं बिल्ड हार्डवेअरची इतकी कडक परीक्षा घेतं, की २०१७ मध्ये एएमडी कंपनीच्या सुरुवातीच्या काही रायझेन प्रोसेसरमधला दोष लिनक्सवर कंपाइल करणाऱ्यांमुळेच उजेडात आला. एएमडीने तो मान्य करून प्रोसेसर बदलून दिले.

बसवताना

बिल्ड झालं आणि इन्स्टॉल अडलं, तर मामला बहुतेक परवानग्यांचा. फ्रीबीएसडीत ‘इन्स्टॉलवर्ल्ड’ ही बसवण्याची कमांड स्वतःला लागणारी हत्यारं ‘टेंप’ फोल्डरात कॉपी करून तिथून चालवते. कोणी सुरक्षेसाठी ‘टेंप’ला ‘नोएक्झेक’ लावलं असेल, म्हणजे तिथून काही चालवायला मनाई केली असेल, तर रूट असूनही ‘परमिशन डिनाइड’. तसंच काही महत्त्वाच्या फाइलींवर ‘बदलू नये’ अशी खूण असते. सिस्टिमचा सिक्युअर लेव्हल वाढवलेला असेल तर ती खूण रूटलाही काढता येत नाही. दोन्ही वेळा तुम्हीच कधीतरी केलेली तटबंदी तुमच्या आड येते.

पूर्ण सिस्टिम बदलत असाल तर क्रम पाळा: आधी नवा कर्नल, मग रीबूट, मग बाकीचं जग, म्हणजे सिस्टिमचे उरलेले सगळे प्रोग्रॅम. नवा कर्नल जुने प्रोग्रॅम सहसा सांभाळून घेतो. जुना कर्नल नव्या प्रोग्रॅमची मागणी ऐकून ‘बॅड सिस्टिम कॉल’ म्हणतो, आणि मग फाइलींची यादी दाखवणारी साधी ‘एलएस’सुद्धा चालत नाही अशी वेळ येऊ शकते. नवा कर्नल बूट झाला नाही तर फ्रीबीएसडीने आधीचा ‘कर्नल डॉट ओल्ड’ नावाने जपून ठेवलेला असतो. बूट लोडरमध्ये त्याचं नाव देऊन मशीन उठवता येतं. पण तो एकच असतो. घाईघाईत दोनदा इन्स्टॉल केलंत तर ‘ओल्ड’मध्येही बिघडलेलाच कर्नल जाऊन बसू शकतो.

एररच नाही, तरी भोक तसंच

सगळ्यात वाईट चूक ती, जी पडद्यावर येत नाही. ७ एप्रिल २०१४ ला ओपनएसएसएल या एन्क्रिप्शनच्या लायब्ररीमधलं ‘हार्टब्लीड’ नावाचं भोक जाहीर झालं. समोरच्याने सांगितलेली लांबी न तपासता सर्व्हर स्वतःच्या मेमरीतला ६४ किलोबाइटपर्यंतचा मजकूर परत पाठवत होता, आणि त्यात पासवर्ड, किल्ल्या काहीही असू शकत होतं. दुसऱ्याच दिवशी ओपनबीएसडी आणि फ्रीबीएसडी दोघांचेही पॅच आले. फ्रीबीएसडीच्या १०.० मध्ये हे भोक होतं. ९ च्या मालिकेत नव्हतं, कारण तिथलं ओपनएसएसएल इतकं जुनं होतं की ज्या सोयीत हे भोक होतं ती सोयच त्यात नव्हती. आळसाचा असा फायदा क्वचित होतो.

अशा वेळी लायब्ररी पॅच केली, बिल्ड झालं, इन्स्टॉल झालं, एकही एरर नाही, तरी काम झालेलं नसतं. चालू असलेल्या वेब सर्व्हरने जुनी लायब्ररी मेमरीत धरून ठेवलेली असते. डिस्कवर नवी आली याची त्याला खबर नसते; त्याला बंद करून पुन्हा सुरू करावंच लागतं. आणि जे प्रोग्रॅम लायब्ररी पोटातच घेऊन बनतात, म्हणजे स्टॅटिक जोडलेले, त्यांना रीस्टार्टही पुरत नाही. ओपनबीएसडीत ‘बिन’ आणि ‘एसबिन’ या फोल्डरांमधले प्रोग्रॅम असेच असतात. ते पुन्हा बिल्ड होईपर्यंत जुना कोड त्यांच्या पोटात तसाच.

‘यूनेम’ चालवून आकडा वाढला का बघणारे बरेच असतात, आणि तो वाढला नाही की पॅच लागलाच नाही असं धरून सगळं पुन्हा करतात. यूनेम चालत्या कर्नलचा आकडा सांगतं. लायब्ररीवरच्या ठिगळाशी त्याचा संबंध नाही. मी वेगळं बघतो. ‘एलएस’ने लायब्ररीच्या फाइलची तारीख आणि वेळ, आणि चालू प्रोग्रॅम दाखवणाऱ्या ‘पीएस’ने सर्व्हर किती वाजता सुरू झाला ती वेळ. सर्व्हर लायब्ररीच्या आधी सुरू झालेला दिसला, तर तो अजून जुन्यावरच चालतोय.